प्रबंध लिहायचाय? आधी बाइंडिंगवाला गाठा

पीएच.डी.ला प्रवेश मिळाल्याबद्दल अभिनंदन. पेट ही प्रवेशपरीक्षा झाली, मुलाखत झाली, आरआरसी म्हणजे संशोधन समितीपुढे सादरीकरण झालं, शीर्षकाच्या शेपटाला ‘एक चिकित्सक अभ्यास’ बांधून झालं. आता उरलंय ते किरकोळ काम. तीनशे पानं लिहायची.

लिहिण्यासाठी विद्यापीठात कुठे मदत मिळते का, असा प्रश्न मनात आला असेल तर तो मनातच ठेवा. मी विचारला होता. खिडकीपलीकडच्या बाईंनी मान वर न करता, “लेखनिक पाहिजे का? त्याला दिव्यांगत्वाचा दाखला लागतो,” असं म्हणून एक फॉर्म पुढे सरकवला. तो मी भरला नाही. पुढच्या पाच वर्षांत त्याचा पश्चात्ताप झाला.

पण आपल्याकडे लेखनाची कुणाला फिकीर नाही, असं म्हणून पाप लावून घेऊ नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०२२च्या नियमावलीत प्रत्येक पीएच.डी. विद्यार्थ्याला अध्यापन, शिक्षण, अध्यापनशास्त्र आणि लेखन यांचं प्रशिक्षण सांगितलंय. फक्त या चार शब्दांच्या मध्ये तिरप्या रेघा आहेत आणि लेखन चौथं आहे. पंगतीत चौथ्या ओळीत बसलेल्याच्या पानात काय पडतं, हे मराठी माणसाला सांगायला नको. शिवाय कोर्सवर्क आहेच. किमान १२ क्रेडिट. त्यातले २ संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्तेचे. हा अभ्यासक्रम ३० तासांचा असून त्यात चोरी कशाकशाला म्हणतात हे नीट समजावून देतात. पोहण्याच्या क्लासला तीस तास बुडण्याचे प्रकार शिकवावेत, आणि एकतिसाव्या तासाला विहिरीत ढकलावं, तशी ही पद्धत. फार प्रभावी आहे. बुडताना आपण नेमके कुठल्या प्रकाराने बुडतोय, ते लगेच ओळखू येतं.

आता गाइड. प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी, अशी मर्यादा आहे. त्यावर नॅकच्या मूल्यांकनाचं काम, परीक्षेचं काम, पुतण्याच्या लग्नाचं काम. तेव्हा सरांनी प्रकरण वाचावं असा हट्ट धरू नका. त्यांनी ते चाळलं तरी पुष्कळ. माझं दुसरं प्रकरण सात महिन्यांनी परत आलं तेव्हा त्यावर दोनच खुणा होत्या. पान ३१वर एका परिच्छेदाभोवती पेन्सिलीचं वर्तुळ आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह. पान ५४वर चहाच्या कपाचं वर्तुळ, त्यापुढे काही नाही. पहिल्या वर्तुळाचा अर्थ लावण्यात मी पावसाळा घालवला. शेवटी धीर करून विचारलं. सर म्हणाले, “अजून खोली हवी.” किती ते नाही सांगितलं. नंतर कळलं, सगळ्यांनाच खोली हवी असते. एका मित्राला तर वसतिगृहातली सोडायला लावून प्रबंधातली आणायला सांगितली होती.

लिहायचं कसं, तर घाबरू नका, प्रबंध लिहायचा नसतोच, तो भरायचा असतो. पहिलं प्रकरण व्याख्यांनी. प्रत्येक संकल्पनेच्या किमान सात व्याख्या द्या, आठवी ‘वरील सर्व व्याख्यांवरून असे म्हणता येईल की’ म्हणून स्वतः द्या, आणि ती पहिल्या व्याख्येसारखीच राहील याची काळजी घ्या. चौथं प्रकरण तक्त्यांनी. नमुना देऊन ठेवते: ‘तक्ता क्र. ४.७ वरून असे दिसून येते की, एकूण १०० उत्तरदात्यांपैकी ६२ स्त्रिया असून ३८ पुरुष आहेत. यावरून असे स्पष्ट होते की, स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक आहे. सदर माहिती आकृती क्र. ४.७ मध्ये दर्शविली आहे.’ मग खाली पाय चार्ट. मूळ रंगीत, झेरॉक्समध्ये दोन्ही तुकडे सारखेच करडे. तरीही अर्धं पान झालं, नाही का? बाकीची तीन प्रकरणं कशी भरायची ते शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, बघा. देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे आहेत. ही गंगा गांधीनगरहून वाहते, पण हात कुठूनही धुता येतात.

हात धुतल्यावर ते पुसावे लागतात, कारण २०१८पासून दुसऱ्यांच्या मजकुराशी असलेलं साम्य मोजायचा नियम आहे. १० टक्क्यांपर्यंत माफ. ४०पर्यंत गेलात तर सहा महिन्यांच्या आत सुधारून आणा. ६०पर्यंत गेलात तर वर्षभर घरी बसा. त्याच्या वर नोंदणीच रद्द. सलग चौदा शब्दांपर्यंतचं साम्य मात्र योगायोग धरतात. तेव्हा पंधराव्या शब्दाला ‘तथा’ टाकायला विसरू नका. माझं पहिल्यांदा २३ टक्के आलं. त्यातले १४ माझ्याच लेखाशी जुळत होते, जो प्रबंधाआधी छापलाच पाहिजे अशी तेव्हा अट होती. छापला नसता तर प्रबंध स्वीकारला नसता. छापला म्हणून मी माझीच चोर ठरले. २०२२ला ती अट निघाली, म्हणजे तुम्हाला आता एवढी एक चोरी कमी करावी लागेल.

साम्य उतरवायची सर्वमान्य युक्ती म्हणजे मजकूर यंत्राकडून इंग्रजीत न्यायचा आणि परत मराठीत आणायचा. माझा विषय ऊसतोड कामगारांचा. त्यांच्यात कोयता म्हणजे तोडणीला जाणारं नवरा-बायकोचं जोडपं, आणि उचल म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे. माझं वाक्य होतं, ‘एका कोयत्याला मुकादमाकडून हंगामाआधी उचल मिळते.’ ते जाऊन आलं ते असं: ‘एका विळ्याला पर्यवेक्षकाकडून ऋतूपूर्वी उचलणे प्राप्त होते.’ साम्य शून्य. जगातल्या कुठल्याही प्रबंधात हे वाक्य नव्हतं. मौलिकता म्हणतात ती हीच. सरांनी त्या पानावर सही केली.

माझी एक भाची अमेरिकेत शिकते. तिच्या विद्यापीठात म्हणे लेखन केंद्र असतं. वेळ ठरवून जायचं, पाऊण तास समोर एक जण बसतो आणि विचारतो, “तुला यात नेमकं म्हणायचं काय आहे?” तोंडावर! एवढ्या उद्धट देशात पोर कशी राहते कोण जाणे. आपल्याकडे पाच वर्षांत असा प्रश्न मला कुणी एकदाही विचारला नाही. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनीसुद्धा नाही. त्यांनी विचारलं, परतीच्या गाडीला अजून किती वेळ आहे.

तेव्हा खरं लेखनसाहाय्य हवं असेल तर विद्यापीठाच्या फाटकाबाहेर पडा. ‘टायपिंग, झेरॉक्स, थिसिस बाइंडिंग, गोल्डन अक्षरे’ अशी पाटी दिसेल. आत प्लॅस्टिकचं एक स्टूल असतं, ते संशोधकासाठी. समासाचा नियम, क्रमांक द्यायची पद्धत, प्रमाणपत्रांचा क्रम, सगळं तिथल्या काकांना तोंडपाठ असतं. परिपत्रक बदललं की ते आधी त्यांना कळतं, मग विभागाला. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये आणताना ज्या वेलांट्या उडतात त्या ते हाताने परत बसवतात, आणि बसवता बसवता नाइलाजाने वाचतात. मी स्टुलावर बसले होते. काकांनी मध्येच माउस थांबवला.

“मॅडम, विळ्याला उचलणे म्हंजे?”

मी म्हटलं, “ते साम्य कमी करायला.”

“माझे आई-वडील कोयत्यावर होते, धारूरकडून यायचे. उचल घेतलेली फिटायची नाही, म्हणून पुढच्या सालाला पुन्हा यायचं. ते कुठं लिवलंय का तुम्ही?”

मी पानं उलटली. ते कुठेच नव्हतं. तक्ता क्र. ४.१२मध्ये ‘उचल घेतली: होय / नाही’ एवढं होतं. त्या रात्री दुकानात बसून मी दीड पान लिहिलं. काकांनी ते टाइप केलं, दोन वाक्यांची क्रियापदं दुरुस्त केली आणि जाता जाता सगळे विळे मोडून कोयते केले. पानाला वीस रुपये, करेक्शनचे वेगळे. साम्य ८वरून ९वर गेलं.

ऋणनिर्देश लिहायला मात्र रात्री जागू नका. तो साम्याच्या तपासणीतून वगळलेला असतो, काकांना ठाऊक आहे. त्यांच्याकडे फाइल तयार असते. गाइडच्या जागी टिंबं, आई-वडिलांच्या जागी टिंबं, ग्रंथपालांच्या जागी टिंबं. शेवटची ओळ तेवढी भरलेली असते: ‘सदर प्रबंधाचे अचूक व वेळेत टंकलेखन केल्याबद्दल मी यांची शतशः ऋणी आहे,’ आणि पुढे काकांचं नाव, दुकानाचं नाव, मोबाइल नंबर. ‘ऋणी’तली वेलांटी दीर्घच आहे ना, ते काकांनी दोनदा बघून घेतलं.