तीन वाजता सात टोले

मे महिन्यात नागपुरात दुपारी बारा ते पाच रस्त्यावर जो दिसतो, तो एकतर कुरिअरवाला असतो किंवा त्याला घरच्यांनी हाकललेलं असतं. बाकीचं गाव पडदे ओढून कूलरसमोर आडवं. झोप झाली, पन्हं पिऊन झालं, तरी घड्याळात साडेतीनच. आपल्याकडचे घरबसल्या चित्रविचित्र छंद याच साडेतीनला जन्म घेतात. कुणी संत्र्याच्या साली गूळपाण्यात घालून तीन महिने बाटल्या सांभाळतो, आणि रोज झाकण सैल करायला विसरला की मोरीत बार उडवतो. कुणी काड्यापेट्यांचे छाप वहीत चिकटवतो. ही मंडळी परवडली. काड्यापेटी रात्री दोन वाजता वाजत नाही.

आमचा पंथ वेगळा. आम्ही चावीची, लंबकाची, टोले देणारी भिंतीवरची जुनी घड्याळं घरी उघडतो. ‘दुरुस्त करतो’ असं आम्ही म्हणतो, घरचे ‘उघडतो’ म्हणतात. हिशेबाला बसलं तर घरच्यांचा शब्द जास्त बरोबर आहे.

इतवारी-महालातले जुने वाडे पडले की ही घड्याळं बाहेर येतात. जर्मन युंगहान्स (भंगारवाल्याच्या तोंडी जंगहंस), अमेरिकन अ‍ॅन्सोनिया, जपानी सेइकोशा. घेताना डायलवरच्या नावाला भुलायचं नाही. दार उघडायचं, लंबक काढून आत मागच्या फळीवर टॉर्च मारायचा. तिथे स्क्रूची रिकामी भोकं दिसली तर समजावं की पेटी एकाची, मशीन दुसऱ्याचं आणि लग्न भंगारवाल्यानं लावलेलं. चावीची भोकं आणि आतले चौकोनी दांडे एका रेषेत नसतील तर लग्न घाईघाईत उरकलंय. पांढराशुभ्र, एकही डाग नसलेला डायल म्हणजे परवाचा प्रिंटआउट. मला विचाराल तर मळका डायल आणि भोकं नसलेली फळी, एवढं जमलं की बाकीचं नशिबावर सोडावं. घरी आणताना लंबक वेगळा, कागदात गुंडाळून आणायचा. लंबक ज्या पोलादी पट्टीवर टांगलेला असतो ती कागदाइतकी पातळ असते. ऑटोरिक्षात दोन खड्डे लागले की तिला घडी पडते, आणि मग लंबक झुलायच्या ऐवजी मान हलवत बसतो.

आता पहिला धडा, आणि इथे विनोद बंद. मशीन खोलण्याआधी स्प्रिंग उतरवायची, म्हणजे तिच्यात भरलेली चावी हळूहळू सोडायची. अमेरिकन आठ दिवसांच्या घड्याळातली स्प्रिंग साधारण पाऊण इंच रुंद आणि आठेक फूट लांब असते, ती मुठीएवढ्या जागेत दाबून बसवलेली. आणि तशी दोन नग, एक वेळेची, एक टोल्यांची. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असतो तसा इथेही एक कुत्ता चावीच्या चाकाचे दाते धरून बसलेला असतो. चावी घट्ट धरायची, किंचित पुढे फिरवून कुत्त्यावरचा ताण काढायचा, त्याला स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं बाजूला करायचं आणि चावी हातातल्या हातात अर्धा अर्धा फेरा मागे सरकू द्यायची. हातात जाड मोजे. हे न करता चाकं धरून ठेवणारी वरची प्लेट काढली तर एका क्षणात चाकाचे दाते गळतात, आणि त्या वाटेत बोट असेल तर बोटाचंही काही खरं नसतं. पूर्ण उतरल्याशिवाय एकही नट सैल करायचा नाही. आता विनोद पुन्हा सुरू.

खोलताना प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो. सगळी चाकं सारखी दिसतात, आणि मशीनमधून निघालेला भाग परत बसताना नेहमी एकनं जास्त होतो. स्क्रू आणि चाकं क्रमानं ठेवायला जगात सर्वोत्तम साधन म्हणजे मसाल्याचा डबा. सात वाट्या, वर झाकण, आतलं पडत नाही. फक्त डबा स्वतंत्र विकत आणावा. ‘धुऊन परत ठेवीन’ हे वाक्य कुठल्याही स्वयंपाकघरात आजवर खपलेलं नाही, आणि हळदीच्या वाटीत रॉकेलचा वास राहिला तर त्यावर घड्याळशास्त्रात उपाय नाही.

स्वच्छता रॉकेलनं, जुन्या टूथब्रशनं, गच्चीवर. खरी मेख मात्र प्लेटांमधल्या भोकांत असते. चाकांच्या दांड्यांची बारीक टोकं ज्या भोकांत फिरतात, तिथे पन्नास वर्षांचं काळं तेल वाळून बसलेलं असतं. परदेशी छंदवाले त्यासाठी खास लाकडी काड्या मागवतात. आपल्याकडे उदबत्ती आहे. तिचा मसाला नसलेला खालचा बांबूचा भाग ब्लेडनं टोकदार करायचा, भोकात घालून फिरवायचा, काळं झालेलं टोक छिलायचं, पुन्हा फिरवायचं. टोक पांढरं बाहेर येईपर्यंत. एका भोकाला चार-पाच वेळा लागतं आणि भोकं दोन्ही प्लेटांत मिळून डझनावारी. देवघरात उदबत्त्या अर्ध्या होऊ लागल्या की सासूबाईंना आधी जावयाची भक्ती वाढल्यासारखी वाटते.

भोकं साफ झाली की मशीन जोडून चावी थोडी पुढे-मागे करून बघायचं. एखादं टोक भोकात डावी-उजवी उडी मारत असेल तर भोक झिजून अंडाकृती झालंय. अशा भोकाशेजारी खिळा ठोकून पितळ आत दाबण्याची एक जुनी रस्त्यावरची पद्धत आहे. तशा खुणा दिसल्या की समजायचं, या पेशंटवर आधी कुणीतरी हात साफ केलाय. बरोबर उपाय एकच, भोक रुंद करून त्यात नवं पितळी बुश, म्हणजे बारीकशी नळी, बसवणं. ते घरी जमत नाही असं नाही, पण पहिल्या घड्याळावर करू नये.

आता तेल. या छंदातली निम्मी भांडणं तेलावरून होतात.

घरातला प्रत्येक माणूस, शेजारी, दूधवाला, सगळ्यांचं एकच म्हणणं, “थोडं खोबरेल सोडा ना बाप्पा, चालते ते.” चालतं. दिवाळीपर्यंत नक्की चालतं. खोबरेल तेल २४-२५ अंशांच्या खाली गोठतं, आणि नागपुरात डिसेंबरातला पारा रात्री दहा-बारावर येतो. न्हाणीघरातल्या बाटलीत बोट घालून तेल काढायचे दिवस आले की भिंतीवरचं घड्याळही नेमकं त्याच कारणानं बंद पडतं. घरचे म्हणतात थंडीनं आखडलं. बरोबरच म्हणतात.

शिलाई मशीनचं तेल गोठत नाही, पण ते पातळ, एका जागी थांबत नाही. प्लेटवर पसरतं आणि टोक महिन्याभरात कोरडं. घड्याळाचं तेल वेगळं मिळतं, छोट्या कुपीत, डोळ्यांत पाणी आणणाऱ्या भावात. ते जागेवर थांबतं. भोकाभोवती एक उथळ खळगी असते, सुईच्या टोकानं उचललेला थेंब तिथे सोडायचा, खळगी अर्धी भरली की पुरे. मग लंबकाला धक्का देणारा जहाजाच्या नांगरासारखा जो भाग असतो, त्याच्या दोन्ही टोकांवर किंचित. चाकांच्या दात्यांवर मात्र एक थेंबही नाही. हे ऐकून लोकांना धक्का बसतो, पण दात्यांवर तेल आलं की त्यावर धूळ बसते आणि तेल-धुळीचा तो लगदा पॉलिश पेपरसारखा पितळ खात बसतो. नागपूरची मे महिन्यातली धूळ ज्यांनी पुसलीय त्यांना जास्त सांगायला नको. ‘जास्त चावी दिली म्हणून अडकलं’ हाही असाच एक घरगुती समज. स्प्रिंग पूर्ण भरली म्हणून घड्याळ थांबत नाही, वाळलेल्या तेलानं थांबतं. आळ मात्र शेवटची चावी देणाऱ्या पोट्ट्यावर येतो.

इतकं सगळं करून घड्याळ भिंतीवर लावलं की ते पाच मिनिटांत बंद पडतं. हे ठरलेलंच आहे. मशीनला शिव्या देण्याआधी डोळे मिटून कान द्यावा. टिक, टॉक, टिक, टॉक असं सारख्या अंतरानं यायला हवं. ‘टिक-टॉक… टिक-टॉक…’ असं लंगडत असेल तर दोष लयीचा. अशा वेळी घरातून कुणीतरी लेव्हलची पट्टी आणतं आणि घड्याळ अगदी सरळ करून देतं, आणि ते पुन्हा बंद पडतं. घड्याळाला भिंत सरळ असण्याशी देणंघेणं नाही. पेटीची खालची बाजू दोन-चार मिलिमीटर इकडे तिकडे सरकवत कान द्यायचा आणि लय बसली तिथे पेन्सिलची खूण करायची.

ज्यांच्या घरात वाकडं घड्याळ पाहून पाहुण्यांचा जीव जातो, त्यांच्यासाठी दुसरा मार्ग. मशीनमागून एक तार खाली येते आणि लंबकाला ढकलते. घड्याळाची डावी बाजू उचलल्यावर लय बसत असेल तर ती तार डावीकडे, उजवी उचलल्यावर बसत असेल तर उजवीकडे, केसभर वाकवायची. केसभर म्हणजे केसभर. पक्कड घेऊन बसलेल्या माणसाला हे शब्द ऐकू येत नाहीत, हा स्वतंत्र विषय आहे. आणि एवढ्यानंतरही दुसऱ्या दिवशी थांबलं, तर मागे पाल आहे का ते बघा. मशीनमागची ऊबदार पोकळी तिला फार आवडते, आणि तिच्या शेपटीपुढे लंबकाचं काही चालत नाही.

आता मुख्य प्रकरण, टोले. बऱ्याच जुन्या घड्याळांत टोल्यांचं चाक आणि काटे यांची आपसात बोलाचाली नसते. चाकावर खाचा असतात, एक, दोन, तीन, चार या क्रमानं. काटे फक्त ‘वाजव’ म्हणतात, किती ते चाक आपलं आपण ठरवतं. एकदा कुणी काटे भराभर फिरवून टोले पूर्ण होऊ दिले नाहीत की चुकामूक झालीच. मग दुपारी तीनला सात टोले पडतात आणि शेजारून हाक येते, “काहून हो, तुमच्याकडे सात वाजले काय?”

भले लोक यावर टोल्यांना वठणीवर आणायला जातात. तसं करू नये, टोले ऐकत नाहीत. तास काटा मात्र नुसता दाबून बसवलेला असतो, बोटानं फिरतो. सात पडले ना? तास काटा सातवर न्या. झाली दोघांची दिलजमाई. प्रश्न एवढाच की आता काटे सातवर आणि खरी वेळ तीन. मिनिट काटा पुढे फिरवत तीनवर आणायचा तर वाटेतला प्रत्येक टोला पूर्ण वाजू द्यावा लागतो. आठपासून बारापर्यंत पन्नास, मग एक, दोन, तीन मिळून सहा, आणि आठ अर्ध्या तासांचे एकेक. एकूण चौसष्ट टोले. मे महिन्यात, दुपारी तीन वाजता, अख्खी गल्ली झोपलेली असताना. ज्यांना शेजाऱ्यांशी संबंध ठेवायचे आहेत त्यांनी लंबक हातानं थांबवावा, चार तास गप्प बसावं आणि संध्याकाळी सातला पुन्हा धक्का द्यावा. या छंदातली सगळ्यांत परिणामकारक दुरुस्ती ही काही न करण्याची आहे, पण आमच्यापैकी फार थोड्यांना ती जमते.

उरली वेळ. लंबकाच्या गोळ्याखाली एक छोटा नट असतो. गोळा वर गेला की घड्याळ वेगात, खाली आला की सुस्त. पंचवीसेक सेंटिमीटरच्या लंबकात एक मिलिमीटर म्हणजे दिवसाला जवळपास तीन मिनिटं. त्यामुळे अर्धा फेरा द्यायचा आणि २४ तास हात मागे बांधून बसायचं. तासाभरानं पुन्हा पिळणाऱ्याचं घड्याळ आयुष्यभर डुलत राहतं.

त्यातही नागपूरचं हवामान. हिवाळ्यातल्या सकाळी खोलीत पंधरा अंश, मे महिन्यात दार उघडताच चाळीस. पितळी दांडी तापून लांबते. लांबते किती, तर एका मिलिमीटरचा जेमतेम आठवा-नववा हिस्सा, पण तेवढ्यानं दिवसाला वीसेक सेकंद मागे. लाकडी दांडी उष्णतेला दाद देत नाही, म्हणून काही जण तिच्या प्रेमात पडतात आणि मग घड्याळ कूलरसमोरच्या भिंतीवर लावतात. वाळ्याच्या ताट्यांतून आलेला ओला वारा लाकूड फुगवतो, स्प्रिंगला गंज चढवतो आणि लंबकाला वरून ढकलूनही बघतो. घड्याळ आतल्या भिंतीवर, कूलरच्या पाठीमागे. एवढं ऐका.

डिसेंबरात बिनचूक बसवलेलं घड्याळ मे महिनाभर तसंच सोडलं, तर ते दहा-बारा मिनिटं मागे पडतं. यावर आम्हा लंबकवाल्यांकडे उत्तर तयार आहे. १९०६पासून आपण जी प्रमाणवेळ पाळतो ती ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, मिर्झापूरच्या बाजूची. नागपूर ७९ अंशांच्या थोडं पुढे. म्हणजे सूर्याच्या हिशेबानं आपण साडेतेरा मिनिटं मागेच आहोत. घड्याळ चुकलेलं नाही, नवतपा (मे अखेरचे ते नऊ कडक दिवस) संपेपर्यंत ते हळूहळू झिरो माइलच्या, म्हणजे नागपूरच्या स्वतःच्या, वेळेवर येतंय. हे घरी एकदा सांगून बघायला हरकत नाही. दुसऱ्यांदा सांगू नये.

सगळं नीट बसलं, लय, तेल, नट, टोले, की घड्याळ दिवसाला बरोबर १८० टोले देतं. दिवसा ते कुणाला ऐकूही येत नाहीत. रात्री जाग येते आणि एक टोला पडतो. साडेबारा झाले असतील, किंवा एक, किंवा दीड, तिन्हीला एकच टोला. दोन पडतील याची वाट बघत अर्धा तास जागं राहायचं, आणि पुन्हा एकच पडला की उशाखालचा मोबाइल काढून वेळ बघायची.