डोपामिन वाढले की ॲसिटिलकोलीन घटतेच, हे खरे नाही

मंगळवार पेठेतल्या माझ्या मावशीला सहा वर्षांपासून कंपवात आहे. गेल्या आठवड्यात तिने दुपारची लेव्होडोपाची गोळी दोन दिवस घेतली नाही, कारण आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर डोपामिन आणि ॲसिटिलकोलीन या मेंदूतील दोन संदेशवाहक रसायनांबद्दल पुढील मजकूर फिरत होता: डोपामिन वाढले की मेंदूत सर्वत्र ॲसिटिलकोलीन घटते, थरथर ॲसिटिलकोलीनच्याच अतिरेकाने होते, म्हणून गोळ्या सोडून केळी आणि खाजकुइलीच्या बियांची पूड खावी.

केळ्यात डोपामिन असते, पण ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. लेव्होडोपा शिरते आणि तिथे तिचे डोपामिन बनते, म्हणून गोळी तिची देतात.

'सर्वत्र घटते' हे विधान मुळातच चुकीचे आहे. केबाबियन आणि काल्न या संशोधकांनी १९७९ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत डोपामिनच्या ग्राहींचे, म्हणजे पेशींवरील ज्या रेणूंना ते चिकटते त्यांचे, डी-१ आणि डी-२ असे दोन वर्ग मांडले, आणि त्यांचे परिणाम एकसारखे नाहीत. मेंदूच्या खोल भागातील स्ट्रायटममध्ये ॲसिटिलकोलीन सोडणाऱ्या चेतापेशी जेमतेम एक-दोन टक्के असतात. त्यांच्यावरील डी-२ ग्राहींमार्फत डोपामिन हा स्राव आवरते, तर डी-१ वर्गातील डी-५ ग्राही त्याच पेशींना चेतवतात. मेंदूच्या बाह्यकात आणि स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस या भागात तर डी-१ ग्राही उत्तेजित केल्यावर उंदरांमध्ये ॲसिटिलकोलीनचा स्राव वाढलेला दिसला आहे.

एवढे मान्य करावे लागेल की कंपवातात डोपामिन घटल्याने स्ट्रायटममधील हा आवर ढिला होतो, आणि म्हणूनच काही रुग्णांना थरथरीसाठी ट्रायहेक्सिफेनिडिलसारखे ॲसिटिलकोलीनरोधक औषध देतात. परंतु त्याच औषधाने वृद्धांची स्मृती ढासळू शकते, आणि कंपवाताच्या रुग्णाला स्मृतिभ्रंश झाला तर डॉक्टर रिव्हास्टिग्माइन देतात, जे ॲसिटिलकोलीन टिकवून धरते. ॲसिटिलकोलीन हा शत्रूच असता, तर हे औषध कोणी दिले असते?

खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपा असते, हेही खरे आहे. पण एका चमच्यात किती, हे पूड विकणाराही सांगू शकत नाही, आणि गोळीत लेव्होडोपासोबत, ती मेंदूत पोचण्याआधीच वाया जाऊ नये म्हणून, कार्बिडोपाही असते, ते त्या पुडीत नसते.

सर्वांत घातक आहे तो 'गोळ्या सोडा' हा सल्ला. लेव्होडोपा एकाएकी बंद केल्यास शरीर ताठरणे, तीव्र ताप आणि शुद्ध हरपणे अशी जिवावर बेतणारी स्थिती ओढवू शकते. मावशीच्या बाबतीत एकच मात्रा चुकत होती, आणि तरी दुसऱ्या दिवशी तिला पलंगावरून उठवायला दोघे लागले. डॉक्टरांशी बोलून ती गोळी आम्ही पुन्हा सुरू केली आहे. ज्यांनी हा संदेश पाठवला त्यांनी त्याच ग्रुपवर तो चुकीचा असल्याचे लिहावे, कारण तेथे कंपवाताचे आणखी दोन रुग्ण आहेत.