दोन डावे शॉकअप

आमची गाडी घरी पोचायच्या आधी तिचा आवाज पोचायचा. नागपुरात, मानेवाड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी नवा सिमेंट रोड झाला आणि गल्ली वीतभर खाली राहिली. तिथे डावं चाक उतरलं की 'खडाक्', उजवं उतरलं की 'खडक्-खट्'. तेवढ्यावर आई चहाचं आधण ठेवायची.

गाडी मारुती ८००, २००५ ची. कंपनीने ती बनवणं २०१४ च्या जानेवारीत बंद केलं, आमच्याकडे ती अजून चालू आहे. एका संध्याकाळी मी बॉनेट दोन्ही हातांनी दाबून सोडलं. शॉकअप धड असेल तर गाडी एकदा वर येऊन थांबते. आमची थांबेचना. मुलगी पसंत आहे का, असं विचारल्यावर नवरदेवाचा मामा डोलतो तशी डोलत राहिली. गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग, शॉकअप फक्त तिला आवरतो. त्याच्या पोटातलं तेल बारीक छिद्रांतून ये-जा करतं आणि उसळी जिरवतं. आमच्या शॉकअपचं तेल बाहेर येऊन धुळीसकट नळीवर चिकटलं होतं.

कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने मजुरी सांगितली ८०० रुपये. गाडीही ८००, मजुरीही ८००! माझा स्वाभिमान जागा झाला. चार नट तर खोलायचे. मी पुढचे दोन शॉकअप आणि चाकाला खालून धरणारे दोन आर्म, त्यांच्या सांध्यातल्या रबरी बुशसकट, विकत आणले. खोक्यावर 'एलएच' छापलं होतं. मला वाटलं, कंपनीचं नाव असेल.

मुहूर्त रविवारचा, तोही नवतपातला, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतला. म्हणून सकाळी सहालाच जॅक लावला. सव्वासहाला शेजारचे काकाजी बनियनवर हजर. काकाजी वेकोलितून, म्हणजे सरकारी कोळसा कंपनीतून निवृत्त झाले आहेत आणि तेव्हापासून गल्लीतल्या प्रत्येक कामाचे सुपरवायझर आहेत.

"काय करून राहिला?"

"शॉकअप बदलतोय, काकाजी."

"बाप्पा! जॅकच्या भरवशावर खाली घुसू नको, थांब." त्यांनी घरातून लाकडाचा जाडजूड ठोकळा आणून गाडीखाली सरकवला. आणि खुर्चीही आणली. ती स्वतःसाठी.

खालचा बोल्ट गेल्या वीस वर्षांत कोणी हलवला नव्हता, आणि माझ्यासाठी तो हलेल अशी काही चिन्हं दिसेनात. स्प्रे मारला, हातोडी मारली, पान्याला पाइप लावून लटकलो. तोवर दूधवाला, पेपरवाला आणि समोरची दोन पोट्टी जमली. प्रत्येकाकडे एक उपाय आणि शून्य पाना. दूधवाला म्हणाला, उलटा फिरवून राहिला भाऊ. मी उलटाच फिरवत होतो, पण ते मान्य करायला अर्धा तास घेतला. नऊला बोल्ट सुटला आणि माझी बोटं मडगार्डवर आपटली. तोवर उन्हातले पाने कापडाशिवाय उचलवेनात.

आता उरली स्प्रिंग. काकाजींनी नायलॉनची दोरी आणली. "हे बांध अन् वरचा नट खोल." इथे मात्र मी हट्टाने नाही म्हणालो. दाबलेली स्प्रिंग दोरीचं ऐकत नाही. ती सुटली तर माणसाचं थोबाड फोडते, आणि माझं तर आधीच फार काही देखणं नाही. स्प्रिंग दाबायचं यंत्र मिस्त्रीकडेच होतं. ज्याला ८०० वाचवून दाखवायचे होते, त्याच्याच दारात अख्खा शॉकअप बगलेत मारून, काळे हात घेऊन उभा राहिलो. तो काही बोलला नाही. त्याने नवी दोन्ही खोकी उघडली, शॉकअप शेजारी शेजारी ठेवले आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, हे दोन्ही डावेच हाय न. एलएच म्हणजे लेफ्ट हँड."

दुकानाला रविवारची सुट्टी. सोमवारी दुकानदाराने कुरकुर न करता एक बदलून दिला, पण माझी पुढची सुट्टी थेट रविवारी. आठवडाभर गाडी ठोकळ्यावर एक पाय वर करून उभी. गल्लीतल्या तपकिरी कुत्र्याने तिच्याखाली संसार थाटला. पंचेचाळीस डिग्रीत एवढी सावली गल्लीत दुसरीकडे नव्हती. रविवारी त्याला उठवलं तेव्हा त्याने माझ्याकडे घरमालकाच्या नजरेने पाहिलं.

आर्मचे बोल्ट मी चाक हवेत असतानाच जीव खाऊन आवळले. काकाजी म्हणाले, "गाडी खाली टेकव, मंग आवळजो." एवढ्या सल्ल्यांतला हाही एक, म्हणून सोडून दिला. अलाइनमेंट करायला गेलो तेव्हा तिथल्या पोराने तेच सांगितलं. चाक लोंबकळत असताना आवळलं की गाडी खाली आल्यावर बुशचं रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. सगळे बोल्ट सैल करून, गाडी चाकांवर उभी असताना पुन्हा आवळले. काकाजींना अजून सांगितलेलं नाही.

संध्याकाळी गाडी गल्लीच्या तोंडाशी उतरवली. एक चाक उतरलं, दुसरं उतरलं. आवाज नाही. मी ऐटीत घरात शिरून सोफ्यावर बसलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"आई, चहा?"

आई कूलरपुढे भाजी निवडत होती. दचकून म्हणाली, "अगं बाई, तू केव्हा आला?"