७५, ८० आणि पडद्यावर खरोखर उमटणारे हर्ट्झ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

मॉनिटरचा रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा नवे चित्र, म्हणजे फ्रेम, दाखवतो तो हर्ट्झमधला आकडा) स्वतः ठरवून घेण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि रोखठोक लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे : लेख वाचून आपण आपल्या ७५ हर्ट्झच्या फुल एचडी मॉनिटरवर ८० हर्ट्झ बसवले, विंडोज ८० दाखवते, पण पान सरकवताना ६०पेक्षाही जास्त धक्के जाणवतात. फ्रीसिंकची, म्हणजे गेमच्या फ्रेमनुसार मॉनिटरचा रेट बदलत ठेवणाऱ्या सोयीची, ४८ ते ७५ हर्ट्झ ही कक्षा खाली ३७पर्यंत आणली, तर तिळमात्र फरक पडला नाही. नंतर एकदा पडदा काळा झाला आणि तो पूर्ववत करण्यात अख्खी संध्याकाळ गेली. यावरून आपण असा निष्कर्ष काढलात की, असल्या खटाटोपाने मॉनिटर बिघडतात आणि वाचकांना सरळ नवा मॉनिटर घ्यायला सांगणे अधिक प्रामाणिकपणाचे ठरले असते.

काळ्या पडद्याबद्दलची तक्रार मला पूर्ण मान्य आहे. सुटकेचा मार्ग मी लेखाच्या अगदी शेवटी दिला होता. तो पहिल्या परिच्छेदात असायला हवा होता. हे बदल ज्या प्रोग्रॅमने करतात तो कस्टम रिझोल्यूशन युटिलिटी, म्हणजे सीआरयू, मॉनिटरमध्ये काहीही लिहीत नाही. मॉनिटर आपली ओळख ईडीआयडी नावाच्या एका छोट्या तक्त्यातून संगणकाला देतो, ज्याचा मूळ भाग अवघा १२८ बाइटचा असतो. सीआरयू या तक्त्याची बदललेली प्रत विंडोजच्या रजिस्ट्रीत ठेवतो आणि ग्राफिक्स ड्रायव्हर मॉनिटरच्या शब्दाऐवजी त्या प्रतीवर विसंबतो. म्हणून तोच मॉनिटर दुसऱ्या संगणकाला जोडला, तर तो आपल्या मूळ रूपातच दिसतो. सीआरयूसोबत येणारा ‘रीस्टार्ट-६४’ हा प्रोग्रॅम चालवल्यावर १५ सेकंदांत चित्र परत आले नाही, तर एफ-८ दाबावे. बदललेल्या प्रती तात्पुरत्या बाजूला होतात आणि पडदा दिसू लागतो. तेही जमले नाही, तर सेफ मोडमध्ये जाऊन ‘रीसेट-ऑल’ चालवावा. हे तीन-चार ओळींचे काम आपल्याला एक संध्याकाळ पुरले, याचे मला वाईट वाटते.

कक्षा बदलूनही फरक न पडण्याचे कारण आपल्याच प्रतिक्रियेत आहे आणि तीही माझीच चूक आहे. आपण एचडीएमआय केबल वापरता. माझ्या लेखातली सगळी चित्रे डिस्प्लेपोर्ट या दुसऱ्या प्रकारच्या जोडणीवरची होती, आणि तिथे फ्रीसिंकची कक्षा सीआरयूच्या ‘रेंज लिमिट्स’ या चौकटीतून ठरते. एचडीएमआयवर मात्र ती ‘एक्स्टेन्शन ब्लॉक’ या तक्त्याच्या जोडभागात, फ्रीसिंक नावाच्या वेगळ्या नोंदीत असते. आपण ३७ लिहिलेत ते अशा जागी, जिकडे एचडीएमआयवर फ्रीसिंकसाठी पाहिलेच जात नाही. आपले ग्राफिक्स कार्ड एएमडीचे आहे, त्यामुळे योग्य नोंदीत बदल केल्यास तो लागू होण्याची वाट मोकळी आहे.

३७ हाच आकडा का, हे लेखात मी घाईने उरकले होते, म्हणून इथे थोडे थांबतो. अ‍ॅडॅप्टिव्ह सिंकमध्ये, म्हणजे फ्रीसिंकच्या मुळाशी असलेल्या पद्धतीत, चित्राच्या ओळी पाठवण्याचा वेग बदलत नाही. एक फ्रेम संपून दुसरी सुरू होईपर्यंतचा विसावा तेवढा लांबतो. गेम ४८ फ्रेमच्या खाली घसरला, की मॉनिटरला इतका लांब विसावा झेपत नाही, आणि त्यावर उपाय म्हणून ड्रायव्हर तीच फ्रेम दोनदा दाखवू शकतो. पण ४० फ्रेमची दुप्पट ८० होते आणि ७५च्या मॉनिटरवर ती मावत नाही. म्हणून कक्षेचे वरचे टोक खालच्या टोकाच्या दुपटीहून थोडे तरी जास्त असावे लागते : ३७ची दुप्पट ७४, म्हणजे जेमतेम का होईना, पण हिशेब बसतो. यातला एक धोका मात्र आधीच सांगतो. दोन फ्रेममधला काळ लांबला की पिक्सेलवरचा विद्युतदाब थोडा उतरतो आणि उजेड हलतो. व्हीए या प्रकारच्या एलसीडी पॅनेलवर हे विशेष दिसते, आणि तेही गेमच्या लोडिंग पडद्यावर, जिथे फ्रेमची संख्या सारखी वरखाली होत असते. तसे लुकलुकणे दिसले तर ३७चा हट्ट सोडावा आणि टोक एकेक हर्ट्झने वर न्यावे, मग फ्रेम दुप्पट करण्याची सोय गमवावी लागली तरी चालेल.

८० हर्ट्झच्या बाबतीत मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे, कारण लेखात मी ‘विंडोजने दाखवलेला आकडा हा पुरावा नव्हे’ असे लिहिले होते आणि आपण नेमकी तीच पायरी गाळलीत. विंडोज फक्त इतकेच सांगते की कार्ड सेकंदाला ८० फ्रेम पाठवते आहे. केबल तेवढा भार पेलते का, हा हिशेब कागदावर करता येतो : फुल एचडीच्या नेहमीच्या मांडणीत रिकाम्या जागेसह २२०० गुणिले ११२५ पिक्सेल जातात, म्हणजे ७५ हर्ट्झला सेकंदाला १८५.६ दशलक्ष पिक्सेल (१८५.६ मेगाहर्ट्झ) आणि ८०ला १९८. रिकामी जागा कमी करून २०८० गुणिले ११११ केले, तर ८० हर्ट्झही १८४.९मध्ये बसते. पण आलेल्या फ्रेम मॉनिटर दाखवतो की मधल्या गाळतो, हे संगणकाला कळत नाही, आणि स्क्रीनशॉटमध्येही ते उतरत नाही.

ते कॅमेऱ्यालाच कळते. टेस्ट-यूएफओ या संकेतस्थळावरची ‘फ्रेम स्किपिंग’ची, म्हणजे फ्रेम गाळल्या जातात का ते पाहण्याची, चाचणी लावावी, तिथे चौकोनांच्या जाळीत दर फ्रेमला एक चौकोन उजळतो. फोनच्या कॅमेऱ्यात शटर हाताने सेकंदाच्या पाचव्या हिश्शावर ठेवून, फोन पुस्तकाला टेकवून फोटो घ्यावा. माझ्या टेबलावरच्या मॉनिटरवर ७५ला पंधराएक चौकोन सलग उजळलेले आले. ८० केल्यावर तीन उजळ, एक काळा, पुन्हा तीन उजळ, एक काळा. पडद्यावर सेकंदाला ६०च फ्रेम पोहोचत होत्या, आणि त्याही विषम अंतराने : १२.५, १२.५, मग एकदम २५ मिलिसेकंद. खऱ्या ६० हर्ट्झचे अंतर निदान सारखे तरी असते. आपल्याला ८०वर ६०पेक्षा जास्त धक्के का जाणवले, याचे उत्तर बहुधा यातच आहे.

आता नवा मॉनिटर घेण्याबद्दल. ज्यांना परवडतो त्यांनी जरूर घ्यावा. उत्पादकाने दिलेल्या मर्यादेबाहेर मॉनिटर चालवायचा, तर वॉरंटीची जोखीम आपली असते, हेही खरे. परंतु मला पत्रे येतात ती बहुतेक विद्यार्थ्यांची, ज्यांच्याकडे घरात तोच एक मॉनिटर आहे. ४० फ्रेमवर अडखळणारा गेम चार आकडे बदलून सुरळीत चालत असेल, तर ते त्यांना न सांगणे मला पटत नाही.

लेखात सुटकेची कृती मी आज वर नेली आहे आणि एचडीएमआयची वाट वेगळी दिली आहे. आपण ८० काढून आधी ७५वर परत यावे, त्या ७५चाही फोटो घ्यावा, चौकोन सलग आले तरच फ्रीसिंकच्या नोंदीत ३७ लिहावे आणि कोणता तरी जड गेम अर्धा तास चालवून पाहावा. लोडिंगच्या पडद्यावर उजेड हलला, तर कितव्या हर्ट्झवर थांबावे लागले ते मला कळवावे.