ग्रीसमधला न झालेला तह

परवा एका जुन्या मित्राशी कडाक्याचा वाद झाला. त्याचं म्हणणं असं की कम्युनिस्ट बंडखोर तहाची भाषा करतात ती निव्वळ दम खायला, तेव्हा तिकडे लक्षच देऊ नये. मी ग्रीसमधल्या 1946 ते 1949 च्या यादवीचं नाव काढलं, जिथे सरकार कम्युनिस्ट बंडखोरांशी लढत होतं. तो म्हणाला, "तिथे तर सरकार लक्ष न देऊनच जिंकलं." तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसलो.

ग्रीसमध्ये घात केला तो आधीच्या एका तहाने. जर्मन निघून गेले आणि डिसेंबर 1944 मध्ये अथेन्सच्या रस्त्यांवर ब्रिटिश फौज आणि कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखालची प्रतिकारसेना 'एलास' यांच्यात लढाई जुंपली. (त्या फौजेत आपली चौथी इंडियन डिव्हिजनही होती. ग्रीसमध्ये मेलेल्या हिंदी सैनिकांचं स्मारक अथेन्सजवळ फालेरोनला आहे. कुणाच्या घरच्या भांडणात कुणाची पोरं गेली!) एलास हरली. 12 फेब्रुवारी 1945 रोजी वार्किझा नावाच्या समुद्रकाठच्या गावात करार झाला: एलासने हत्यारं टाकायची, सरकारने माफी द्यायची.

मेख होती माफीच्या कलमात. माफी 3 डिसेंबरनंतरच्या राजकीय गुन्ह्यांपुरती. त्याआधी, जर्मनांच्या काळात, कुणी फितूर म्हणून एखाद्याला मारलं असेल तर तो साधा खून धरून खटला भरायला वाट मोकळी. 40 हजारांहून जास्त रायफली जमा झाल्या, आणि मग गावोगाव अटका सुरू झाल्या, उजव्या टोळ्यांचे हल्ले सुरू झाले. करार घडवून आणणाऱ्या ब्रिटिशांनी या सूडसत्राला आवर घातला नाही. हत्यार टाकलं की काय होतं, हे त्या वर्षी डोंगरातल्या प्रत्येक माणसाने पाहिलं. 1946 मध्ये यादवी पेटली, तिचं मूळ मला तरी इथे दिसतं.

मार्च 1947 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी ग्रीस आणि तुर्कस्तानसाठी 40 कोटी डॉलर मागितले, आणि ग्रीक सरकारच्या पाठीशी ब्रिटनच्या जागी अमेरिका आली. मे 1948 च्या अखेरीस बंडखोरांचा सेनापती मार्कोस वाफियादिस याने रेडिओवरून बोलणीची तयारी दाखवली. अथेन्सने ती धुडकावली. जूनमध्ये सरकारी फौजा बंडखोरांच्या ताब्यातल्या ग्रामोसच्या डोंगरावर चढल्या.

मला जास्त लागतं ते 1949 चं. एप्रिल-मे महिन्यांत न्यूयॉर्कमध्ये सोव्हिएत प्रतिनिधी ग्रोमिको यांनी अमेरिकेचे डीन रस्क आणि ब्रिटनचे हेक्टर मॅकनील यांच्यापुढे खासगीत विषय काढला. शस्त्रसंधी, सर्वांना माफी, आणि बड्या राष्ट्रांच्या देखरेखीखाली नव्या निवडणुका, त्या देखरेखीत रशियाही. रशियाने घातलेली बर्लिनची नाकेबंदी उठत होती तेच हे दिवस. अमेरिका आणि ब्रिटनने उत्तर दिलं की हा विषय संयुक्त राष्ट्रांत न्या. म्हणजे नाही.

आता मित्राच्या बाजूचंही मांडतो, कारण ते खोटं नाही. बंडखोर गावांतून मुला-मुलींना जबरदस्तीने भरती करत होते. हजारो लहान मुलं त्यांनी सरहद्दीपार नेली. अशांच्या शब्दावर विश्वास ठेवायचा कसा? पण स्टालिनने फेब्रुवारी 1948 मध्येच युगोस्लाव्ह नेत्यांना बजावलं होतं की ग्रीसमधला उठाव गुंडाळायला हवा. मॉस्कोला तो खरोखरच नकोसा झाला होता. प्रस्ताव खरा की खोटा हे समोर बसून, कलमं ताणूनच कळलं असतं. वॉशिंग्टनला ते करायचं नव्हतं, कारण विजय हातातोंडाशी आला होता. हे मला समजतं. पटत मात्र नाही, कारण विजय आणि त्या प्रस्तावाच्या मधे अजून एक उन्हाळा होता.

जुलैमध्ये युगोस्लाव्हियाच्या टिटोने बंडखोरांना आपली सरहद्द बंद केली. ऑगस्टमध्ये ग्रामोस आणि वित्सी या डोंगरांवर सरकारी विमानांतून नापाम, म्हणजे चिकटून जळणारं इंधन, पडलं. त्या डोंगरांत मेलेली बरीचशी पोरं विशीच्या आतबाहेरची होती, आणि दोन्ही बाजूंची होती. 16 ऑक्टोबरला कम्युनिस्टांनी लढाई थांबवल्याचं जाहीर केलं. हारलेल्या बाजूचे हजारो लोक पार सोव्हिएत संघातल्या ताश्कंदपर्यंत पांगले.

त्यांना परत यायची सरसकट मोकळीक मिळाली 1982 मध्ये, आणि तीही 'वंशाने ग्रीक' असतील त्यांनाच. त्याच डोंगरांत लढलेल्या स्लाव्ह बोलणाऱ्यांना ती नव्हती. सरकारी भाषेत या यादवीला 'डाकूंची लढाई' म्हणत. तिला 'यादवी युद्ध' म्हणणारा कायदा झाला 1989 मध्ये. न्यूयॉर्कमधल्या त्या भेटींना तोवर 40 वर्षं झाली होती.