कितपत सहमत?

आमच्या घरात आजवर कुणीही कुठल्याही विषयावर सलग तीस मिनिटं बोललेलं नाही. बोलू दिलेलं नाही, असं म्हणणं जास्त बरोबर. मी एखादा मुद्दा मांडायला लागले की तिसऱ्या वाक्याला आई म्हणते, "ते राहू दे, आधी दूध बघ." अशा घरात वाढलेल्या मुलीला एकतिसाव्या वर्षी जीआरई नावाची, अमेरिकेत पुढचं शिकायला जाण्यासाठी द्यायची परीक्षा सांगते, हा घे विषय, ही घे तीस मिनिटं, तुझं मत मांड आणि समोरच्याला पटवून दे. मध्ये कुणी बोलणार नाही. दूधही उतू जाणार नाही.

गणिताची भीती नव्हती. एमआयडीसीत आठ वर्षं काढल्यावर त्रैराशिकाला कोण घाबरतं? इंग्रजी शब्दही पाठ केले, त्यातले निम्मे विसरले, म्हणजे सगळं रीतसर चाललं होतं. अडलं ते निबंधापाशी. २२ सप्टेंबर २०२३ पासून ही परीक्षा पावणेचार तासांवरून एक तास अठ्ठावन्न मिनिटांवर आणली आणि दोन निबंधांतला एक काढून टाकला, हे वाचून मी देवापुढे साखर ठेवली होती. पण काढला तो दुसऱ्याच्या युक्तिवादातल्या चुका शोधण्याचा निबंध. ते काम मला जन्मजात येतं. ठेवला तो स्वतःचं मत मांडायचा.

मत! मी मराठी माध्यमातली, त्यात वडील मराठीचे शिक्षक. 'विज्ञान : शाप की वरदान' हा निबंध मी पाचवीपासून दहावीपर्यंत दरवर्षी लिहिला. मध्येच 'दूरदर्शन : शाप की वरदान', एकदा 'मोबाइल : शाप की वरदान'. उत्तर शाप असं कधीच नव्हतं, वरदान असंही नव्हतं. नाण्याला दोन बाजू असतात, सारं आपल्या वापरावर अवलंबून आहे, असं लिहून खाली दोन रेघा ओढायच्या की दहापैकी नऊ. सहा वर्षांत मी इतकी नाणी उडवली, एकही छाप्यावर किंवा काट्यावर पडलं नाही. सगळी कडेवर उभी.

या परीक्षेचा मात्र एक चांगुलपणा आहे. ज्यातून विषय येणार, ती अख्खी यादी परीक्षा घेणारी संस्था आधीच जाहीर करून ठेवते. दीडशेच्या आसपास विषय. म्हणजे पेपर फुटलेलाच आहे, फक्त तो फुटून काही उपयोग नाही. यादीतला एक विषय सांगते. माणूस तंत्रज्ञानावर जास्तजास्त विसंबू लागला की त्याची स्वतः विचार करण्याची ताकद घटत जाणार. मी वाचलं आणि डोळ्यांत पाणी आलं. कोट घालून, टाय बांधून माझं 'शाप की वरदान' अमेरिकेतून परत आलं होतं.

फक्त खाली सूचना होती : या विधानाशी तुम्ही कितपत सहमत किंवा असहमत आहात ते सांगा.

"कितपत?" बाबांनी चष्मा वर केला. "सोपं आहे. बऱ्याच अंशी."

"बऱ्याच म्हणजे किती?"

"ते सांगायचं नसतं. म्हणून तर बऱ्याच म्हणायचं."

बाबांना मी सरावाचे परीक्षक नेमलं होतं. खऱ्या परीक्षेत प्रत्येक निबंध एक माणूस तपासतो आणि एक संगणक. संगणकाचं नाव ई-रेटर. दोघांची सरासरी काढतात. दोघांत फारच फरक पडला तर दुसऱ्या माणसाला बोलावतात. संगणक हरला असं कुणी म्हणत नाही, पण शेवटी धावत येतो तो माणूसच. गुण शून्य ते सहा, अर्ध्या-अर्ध्या गुणानं चढत जाणारे. बाबांना ही पद्धत पसंत पडली नाही. "शुद्धलेखनाला किती? हस्ताक्षराला किती? प्रस्तावनेत सुविचार आहे त्याला किती?" हस्ताक्षर नसतंच, टाइप करायचं असतं, हे कळल्यावर त्यांनी लाल पेनाचं टोपण लावलं. मग माझा निबंध प्रिंट काढून आण म्हणाले, आणि समासात जागा सोडली नाही म्हणून अर्धा गुण कापला.

टाइप करण्याचीही एक गंमत आहे. परीक्षेतल्या संगणकावर कापा, चिकटवा, पुसा आणि पूर्ववत करा एवढंच मिळतं. चुकलेल्या शब्दाखाली ती लाल वळवळ येत नाही. घरी ती सोय बंद करून मी पहिला निबंध लिहिला, तेव्हा 'गव्हर्नमेंट'मधला 'एन' मी आजवर एकदाही स्वतः लिहिलेला नाही, असा शोध लागला. गेली कित्येक वर्षं तो संगणकच घालत होता. तंत्रज्ञानावर विसंबल्यानं विचारशक्ती घटते की नाही ठाऊक नाही, 'एन' मात्र जातो. हा मुद्दा निबंधात घालावा असं मनात आलं, पण घालताना पुन्हा 'गव्हर्नमेंट' लिहावं लागलं असतं.

मग उदाहरणं जमवली. नमुन्याचे निबंध वाचले तर सगळीकडे गांधीजी. विषय शिक्षणाचा असो, नेतृत्वाचा असो, की भानगडी समाजाला उपयोगी असतात का हा असो (हाही यादीत आहे, खरंच), तिसऱ्या परिच्छेदात गांधीजी काठी टेकत हजर. बाबांना ते आवडलं नाही. "साताऱ्यात राहतेस आणि कर्मवीर भाऊराव पाटील आठवत नाहीत? १९१९ साली काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली, १९२४ला साताऱ्यात आणली, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत बसवली, कमवा आणि शिका सांगितलं. लिही!"

"बाबा, अमेरिकेत बसलेल्या परीक्षकाला कर्मवीर कोण ते माहीत नसणार."

"मग कळू दे की." त्यांनी थोडा विचार केला. "आणि १९२७ला बोर्डिंगात गांधीजी येऊन गेले होते. तेही घाल. म्हणजे त्याला ओळखीचं कुणीतरी भेटेल."

ज्या विषयात यश मिळण्याची शक्यता कमी, तो घेण्यापासून विद्यार्थ्यांना शिक्षणसंस्थांनी परावृत्त करावं का, या विषयावर मी खरोखर कर्मवीर लिहिले. माझा आजवरचा सगळ्यात चांगला निबंध तोच. बाबांनी साडेपाच दिले. अर्धा कर्मवीरांच्या आधी 'पद्मभूषण' लिहिलं नाही म्हणून गेला.

संगणकाची मर्जी कशी राखावी हे शोधताना एक खबर हाती लागली. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात लेखन शिकवलेले लेस पेरलमन नावाचे गृहस्थ. त्यांनी काही विद्यार्थ्यांना हाताशी धरून २०१४ साली 'बेबल' नावाचा एक प्रोग्राम बनवला. त्यात दोन-तीन शब्द टाकले की तो जड-जड इंग्रजीत लांबलचक निबंध ओकतो, ज्याला शेंडा ना बुडखा. निबंध तपासणाऱ्या यंत्रांनी त्याला भरभरून गुण दिले. मी हे वाचून दाखवल्यावर बाबा म्हणाले, "त्यात काय, स्नेहसंमेलनाच्या अध्यक्षांचं भाषण ऐकलं नाहीस का कधी?"

पण माझी खरी शिकवणी झाली ती स्कूटरवर.

आमच्या जिन्याखाली बाबांची स्कूटर आहे. होती. ती सात वर्षं सुरू झालेली नाही. सोसायटीनं दोनदा चिठ्ठी लावली. मी ठरवलं, पटवून देण्याचा सराव इथेच करायचा. रविवारी चहानंतर मी बाबांसमोर उभी राहिले. आधी ठाम भूमिका : स्कूटर भंगारात द्यावी. मग कारणं. जागा अडते, विमा नाही, टाकीत पालीनं अंडी घातलीत. आणि मग पुस्तकात सांगितल्याप्रमाणे विरुद्ध बाजूचा मुद्दा आपणच मांडायचा, त्यात तथ्य आहे असं मोठ्या मनानं कबूल करायचं आणि नंतर तो खोडायचा.

"आता तुमचं म्हणणं मला मान्य आहे, की त्या स्कूटरवर आठवणी…"

"मान्य आहे ना?" बाबा उठले. "संपलं मग." आणि पेपर घेऊन आत गेले.

माझा 'परंतु' तोंडातच राहिला. आमच्याकडे 'मान्य आहे' या शब्दांपुढे वाक्य जात नाही, हे त्या पुस्तकवाल्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. पुढच्या रविवारी मी तो परिच्छेद गाळून पाहिला. बाबा सगळं ऐकून म्हणाले, "बघू." 'बघू'ला खोडून काढील असा युक्तिवाद अजून कुठल्याही विद्यापीठात निघालेला नाही.

आई भाजी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "राहू द्या हो स्कूटर. चांगली आहे. फक्त आता माझे गुडघे दुखतात, तर दर रविवारी ती पुसायची तेवढी तुम्ही." बस्स. ना भूमिका, ना कारणं, ना कर्मवीर. बाबांनी दोन रविवार पुसली.

परीक्षा पुण्याला होती. पहाटेची स्वारगेट विनाथांबा पकडली, खंबाटकीच्या बोगद्यात 'गव्हर्नमेंट' तीनदा म्हटलं. केंद्रावर पासपोर्ट दाखवला, घड्याळ काढून लॉकरमध्ये ठेवलं, खिसे उलटे करून दाखवले. निबंध सगळ्यात आधी येतो, म्हणजे माणूस अजून घामेजलेलाच असतो. विषय काय आला ते सांगायचं नाही असं कबूल करून आलेय, त्यामुळे सांगत नाही. आजूबाजूला दहा-बारा जण कीबोर्ड असे बडवत होते की पत्र्यावर गारा पडाव्यात. मी पहिली चार मिनिटं नुसती बसून होते. कुणी मध्ये बोलेना. चौथ्या वाक्याला मी सवयीनं थांबले, कुणीतरी काहीतरी बघायला सांगेल म्हणून. मग लिहीत सुटले. बाजू घेतली, आणि वेळ संपायला दोन मिनिटं असताना लक्षात आलं की शेवटच्या परिच्छेदात नाणं आलंय, दोन्ही बाजूंसकट. कापलं. पुन्हा चिकटवलं. पुन्हा कापलं. त्यातच घड्याळ शून्यावर आलं.

गणिताचे आणि भाषेचे गुण तिथल्या तिथे पडद्यावर दिसतात, निबंधाचे मागाहून येतात. रात्री घरी पोचले तेव्हा जिन्याखाली मोकळी जागा आणि तेलाचा काळा डाग होता. बाबांनी सकाळी स्वतःच भंगारवाल्याला बोलावलं म्हणे. आई आतून म्हणाली, "हात धू, पिठलं गार होतंय."

मी चपला काढून आत आले तर माझ्या अभ्यासाच्या टेबलाखाली, वर्तमानपत्र अंथरून, स्टेपनी.

"ही काय?"

"तेवढी राहू दे," बाबा पेपरातून वर न बघता म्हणाले. "नवीनच आहे ती."