लेसर करा, पण आधी तो हिशोब बघा

भाचीचा नंबर मायनस साडेसहा. मालवणात खाऱ्या वाऱ्याने तासाभरात काचा चिकट होतात, पावसात स्कूटीवरून समोरचा खड्डा दिसत नाही, त्यात ताईने स्थळं बघायला घेतलीत. म्हणून एकच धोशा, "मामा, माका चष्मो नको."

मी स्वतः लॅसिक, म्हणजे नंबर घालवायचं लेसर ऑपरेशन, करून 15 वर्षं झाली, मस्त झालं, त्यामुळे मी काय विरोधात नाही. पण पहिल्या ठिकाणी गेलो तर तपासायच्या आधीच पॅकेज, "या महिन्यात केलंत तर डिस्काउंट", अरे डोळा आहे की हापूसची पेटी?

मग कोल्हापूरला नेली. कॉन्टॅक्ट लेन्स दोन आठवडे आधीपासून बंद ठेवायला लावली होती, कारण लेन्समुळे बुबुळाचा आकार बदलतो नि मापं चुकतात. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी केसपेपरच्या मागेच हिशोब मांडून दाखवला. हिच्या कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाची, जाडी 485 मायक्रॉन (हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर), सर्वसाधारण 540च्या आसपास असते. लेसर मारण्याआधी वरून कापून उचलायचा पातळ थर, म्हणजे फ्लॅप, 110चा. एका नंबरामागे साधारण 15 मायक्रॉन जाळावे लागतात, म्हणजे साडेसहाला शंभरएक. उरले 275. खाली 250 तरी राहायलाच हवेत, त्या तर 300च्या खाली जायला तयारच नाहीत, कारण पातळ झालेला कॉर्निया पुढे फुगू शकतो. शिवाय वर्षात नंबर पाऊणने वाढलेला, म्हणजे अजून स्थिर नाही. फ्लॅप न कापता करायची पीआरके पण असते, त्यात चार दिवस डोळे चुरचुरतात नि नजर यायला वेळ लागतो, पण त्या म्हणाल्या आधी नंबर थांबू दे, वर्षाने या.

ताई हिरमुसली. तिला वाटतं लेसर म्हणजे चष्मा जन्माचा सुटला. आता माझंच बघा, चाळिशी ओलांडली नि पेपर वाचायला चष्मा लागलाच, ते लेसरने टळत नाही. डोळे कोरडे पडायचे म्हणून वर्षभर ड्रॉप खिशात असायचे, नि रात्री गाडी चालवताना समोरच्या ट्रकच्या लाईटभोवती अजूनही कडं दिसतं. हे मला करायच्या आधी कोणी सांगितलं नव्हतं, नि खरं सांगायचं तर मीही विचारलं नव्हतं. डोळ्याच्या आतला मागचा पडदा (रेटिना) पण तपासून घ्या बरं का, मायनस नंबरवाल्यांचा पडदा नाजूक असतो, लेसरने नंबर गेला तरी तो तसाच राहतो.

येताना फोंडा घाटात तपासणीच्या ड्रॉपमुळे हिच्या बाहुल्या मोठ्या, उन्हाने डोळे उघडवेनात, ताईची ओढणी डोक्यावर घेऊन बसलेली. कणकवलीला चहाला थांबलो तेव्हा तो केसपेपर काढून, दिसत काय नव्हतं तरी, मलाच विचारते, "मामा, ते 275 म्हणजे किती कमी पडले?"